मामांची नाणी: डेटाबेसच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार. वाई

सकाळच्या एसटीने मामांकडे आलो. नाणी तीन ठिकाणी आहेत. बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे, पोस्टातली एक जाड कापडी पिशवी ("ती मोडीत निघाली तेव्हा रीतसर अर्ज करून मागून घेतली") आणि देवघराच्या फळीवर पेढ्यांचं खोकं. खोक्यात चांदीची. शिवाय चार वह्या, पहिली १९६८ची. मामांनी वहीत रकाने आखलेत: क्रमांक, नाणे, कोठून, काय दिले, शेरा. पहिले चार रकाने बोटभर रुंद, शेरा अर्धं पान. सगळा जीव त्या शेऱ्यात आहे.

वहीप्रमाणे नाणी १,१४६. दुपारी दोघांनी मिळून मोजली तर १,१५३. मामा म्हणाले, "सात कोणीतरी आणून ठेवली असतील." घरातून नाणी जातात हे ऐकलं होतं, येतात हे पहिल्यांदाच ऐकलं.

मामांची मागणी साधी आहे. "भोकाचा पैसा म्हटलं की सगळे भोकाचे पैसे समोर यायला हवेत. बाकी तुझं तू बघ."

एक्सेलमध्ये हे मी २०१९ साली करून पाहिलं होतं. दीडशे ओळींनंतर एकाच गोष्टीची पाच नावं झाली आणि फाइल सोडून दिली. या वेळी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस. एकच फाइल, सर्व्हर नाही, पेनड्राइव्हवर मावते. वरून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली साधी खिडकी.

७ जानेवारी

चौदा रकान्यांचं एकच टेबल करून चाळीस नाणी भरली. जेवणाआधीच पस्तावलो. १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा मामांकडे एकतीस वेळा आहे (युद्धात तांबं वाचवायचं म्हणून मधोमध भोक पाडलेला). त्याचं वर्णन एकतीसदा लिहायचं, आणि एकदा चूक सापडली की एकतीस ठिकाणी दुरुस्त करायची.

म्हणून दोन टेबलं केली. "प्रकार" म्हणजे टांकसाळीने ठरवलं ते: मूल्य, धातू, ठरलेलं वजन, दोन्ही बाजूंवरचा मजकूर. "नग" म्हणजे मामांच्या हातात आहे ते: प्रत्यक्ष वजन, झीज, कुठून आलं, कुठल्या डब्यात आहे. नगात प्रकाराचा फक्त क्रमांक. हे पुस्तकातलंच आहे, पण नाण्यांच्या बाबतीत ते फार चपखल बसतं असं वाटलं. (ते मत महिनाभर टिकलं. १० फेब्रुवारीची नोंद पाहा.)

१४ जानेवारी, पुणे

किमतीच्या क्रमाने यादी लावायची होती. सोपं वाटलं होतं.

१९५७च्या १ एप्रिलपूर्वीचा रुपया सोळा आण्यांचा. आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्यानंतर रुपयाचे शंभर नवे पैसे. सगळं पैमध्ये मोजायचं ठरवलं तर एक नवा पैसा म्हणजे १.९२ पै. दशांश आला की पुढे बरोबरीची तुलना कधी ना कधी दगा देते, म्हणून मला पूर्णांकच हवा होता. १९२ आणि १०० यांचा लसावि ४,८००. म्हणजे रुपयाचे ४,८०० भाग केले तर पै २५ भागांची, नवा पैसा ४८ भागांचा, आणा ३०० भागांचा. कुठेच अपूर्णांक नाही.

मग गोव्याची नाणी आठवली. मामांचे एक सहकारी मुक्तीनंतर काही वर्षं मडगावला होते, त्यांनी दिलेली बावीस पोर्तुगीज नाणी पिशवीत आहेत. तिथे रुपियाचे सोळा टांगा, टांग्याचे साठ रेइस, म्हणजे रुपियाचे ९६० रेइस. ४,८०० भागिले ९६० बरोबर पाच. १९५८ साली तिथे एस्कुडो आला. सहा एस्कुडोंचा एक रुपिया, एस्कुडोचे शंभर सेंताव्हो, म्हणजे रुपियाचे सहाशे सेंताव्हो. ४,८०० भागिले ६०० बरोबर आठ. रात्री साडेअकराला एकटाच हसलो.

आणखी एक गोष्ट फुकटात मिळाली. मामा पंचवीस पैशांना अजून "चार आणे"च म्हणतात. पंचवीस पैसे म्हणजे १,२०० भाग, चांदीची पावलीही १,२०० भाग. आता "चार आणे" शोधलं की जॉर्जच्या पावल्या आणि १९७२चे पंचवीस पैसे दोन्ही एका यादीत येतात. वेगळं काही लिहावं लागलं नाही. बाकी नावांसाठी छोटं टेबल केलं: चवली, पावली, अधेली, ढब्बू, राणीछाप, भोकाचा पैसा. एका प्रकाराला कितीही नावं जोडता येतात.

फक्त शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) या हिशेबात बसत नाही. तांब्याचा आणि चांदीचा भाव एकमेकांशी बांधलेला नव्हता. रुपयाला किती शिवराया हे गाव, साल आणि सराफ यांच्यावर होतं, वर बट्टा वेगळा. तिथे भागांचा रकाना मोकळा ठेवला.

२० जानेवारी

टेबलांची आणि रकान्यांची नावं देवनागरीत दिली. एसक्यूलाइटने हूं की चूं केलं नाही. आकडे मात्र देवनागरीत देऊन चालत नाही. "१९४९" हा मजकूर संख्येत बदलायला सांगितला की शून्य येतं, चुकलं असं सांगतही नाही. भरताना आकडे आधी बदलून घेणारं चार ओळींचं फंक्शन लिहिलं.

२८ जानेवारी, रविवार

आज दिवस गेला तो टांकसाळीच्या खुणांत.

आपल्या नाण्यांवर सालाखाली बारीक खूण असते. मुंबईची हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचं टिंब. कोलकात्याची खूण नसते. खूण नाही हीच तिची खूण.

मामांच्या वहीत पंचवीस पैसे २१२. प्रोग्रामला विचारलं, हिरा असलेले किती? ९८. हिरा नसलेले किती? ७१. बेरीज १६९. त्रेचाळीस नाणी हवेत गेली.

ती गेली नव्हती. त्या त्रेचाळिसांच्या खुणेचा रकाना मी रिकामा सोडला होता, म्हणजे एसक्यूएलच्या (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या) भाषेत "नल". नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर हो नसतं आणि नाहीही नसतं. त्यामुळे ती नाणी हिरा असलेल्यांतही येत नाहीत आणि नसलेल्यांतही नाहीत. इथवर प्रोग्रामिंगची जुनीच खोड. खरी चूक पुढे आहे. मी रिकामा रकाना दोन वेगळ्या अर्थांनी वापरत होतो. काही नाण्यांवर सालाखालची जागा स्वच्छ आहे, भिंगातून पाहिलं तरी काही नाही: ती कोलकात्याची. काहींवर ती जागा इतकी झिजलीये की तिथे हिरा होता की चांदणी हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. दोन्हींसाठी मी काहीच लिहिलं नव्हतं. उद्या हौसेने "खूण नसलेली ती कोलकाता" असा नियम लावला असता तर झिजलेली झाडून सारी नाणी कोलकात्याला पोचली असती.

मामांना फोन केला. ते म्हणाले, "मी वहीत कोलकात्याला आडवी रेघ मारतो, न दिसणाऱ्याला प्रश्नचिन्ह." पन्नास वर्षांपूर्वीच सोडवलेला प्रश्न मी रविवारी नव्याने सोडवत बसलो होतो.

खुणेचं मूल्य आता सक्तीने भरायचं: हिरा, चांदणी, टिंब, खूण नाही, दिसत नाही. शिवाय खुणेच्या जागेचा वेगळा रकाना. १९८५ साली सरकारने रुपयाची नाणी ब्रिटनमध्येही पाडून घेतली. बर्मिंगहॅमच्या नाण्यावर सालाखाली एच आहे, तो ओळखू येतो. पण वेल्समधल्या लँट्रिसंटच्या टांकसाळीची खूणही हिराच आहे, फक्त ती सालाच्या पहिल्या आकड्याखाली. जागा न लिहिता नुसतं "हिरा" लिहिलं की वेल्सचा रुपया मुंबईच्या फोर्टात जमा.

१० फेब्रुवारी, शनिवार. वाई

शिवराया काढल्या. एकूण सत्तावन्न. बहुतेक सगळ्या मामांनी तांबटाकडून, वजनावर, तांब्याच्या भावाने घेतलेल्या.

सातशे रुपयांचा डिजिटल काटा नेला होता. मामांना तो आवडला नाही. त्यांनी पेढ्यांच्या खोक्यातून व्हिक्टोरियाचा एक कोरा रुपया काढून त्यावर ठेवला. ११.६५. "पास आहे तुझा काटा." रुपया मुळात तोळ्याचाच, १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम. सोनार आणि वैद्य रुपयाभार वजन धरायचे ते यावरूनच. मिलिग्रॅममध्ये, पूर्णांकात वजन साठवतोय.

मग पहिली शिवराई. खडबडीत, कडा वाकडी, एका बाजूला चीर गेलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा छोटा, त्यामुळे मजकुराचा काही भाग नेहमीच नाण्याबाहेर पडतो. मामांनी ती खिडकीशी नेऊन तिरपी धरली. एका बाजूला "श्री", खाली "राजा"मधला "रा" आणि अर्धा काना. त्याखाली एक गोलाई, ती "शि"ची असावी. मागे "छत्र" स्वच्छ, "पति"मधली फक्त "प"ची दांडी. मामा म्हणाले, "लिही, श्री राजा शिव, छत्रपति."

"पण शिव कुठे दिसतंय?"

"दिसत नाही. आहे."

इथे थांबलो. माझ्या "प्रकार" टेबलात मजकूर एकदाच लिहिलाय: श्री राजा शिव, छत्र पति. पण कुठे "शिव" आहे, कुठे "शीव", कुठे "सिव". "पति" आहे, "पती" आहे. हे फरक म्हणजेच शिवराईच्या अभ्यासाचा मालमसाला. जे अक्षर नाण्यावर नाही ते प्रकारावरून भरून टाकलं, तर उद्या कुणी "सिव असलेल्या दाखव" म्हटल्यावर मीच घातलेली अक्षरं मला परत मिळणार. म्हणून मजकूर नगापाशी आला, आणि मामांचीच पद्धत घेतली. ते पूर्ण दिसणारी अक्षरं शाईने लिहितात, अर्धवट दिसणारी पेन्सिलने, नाण्याबाहेर गेलेली लाल पेन्सिलने. पडद्यावर शाई म्हणजे साधं अक्षर, पेन्सिल म्हणजे गोल कंस, लाल म्हणजे चौकोनी कंस. पहिल्या शिवराईची नोंद अशी झाली: श्री रा(जा) (शि)[व].

दुसरी अडचण "राजवट" रकान्याची. मी तिथे "छत्रपती शिवाजी महाराज" असं भरभर टाकत चाललो होतो. मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "सत्तावन्नच्या सत्तावन्न महाराजांच्या हयातीतल्या? मग आम्ही करोडपती झालो म्हणायचं." महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७४ला, हे नाणं सुरू केलं, पण त्यांच्या नावाची शिवराई पुढे सातारा आणि पेशवाईच्या काळातही पडतच राहिली. मजकुराच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी तर उघडच उशिराची. नाण्यावर नाव एकाचं, पाडणारा दुसरा. मराठ्यांच्या चांदीच्या रुपयावरही तेच. पुण्यात पडलेला रुपया, मजकूर फारसीत, नाव दिल्लीच्या शाह आलमचं, आणि आपली म्हणून काय ती अंकुशाची खूण.

म्हणून राजवटीचे दोन रकाने: "नाण्यावरचं नाव" आणि "पाडणारा". दुसऱ्याला शेजारी "आधार" रकाना, तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बावन्न शिवरायांना "पाडणारा: मराठे, नक्की नाही". विकणारे सगळ्याच महाराजांच्या म्हणून विकतात. आपल्याला विकायच्या नाहीत.

काट्यावर सर्वांत हलकी ८.९४, सर्वांत जड १२.७१.

११ फेब्रुवारी

परतण्याआधी मामांना यादी वाचून दाखवत होतो. "लिपी: मोडी" अशी तेवीस नाणी निघाली. मामा म्हणाले, "मोडी? कुठली मोडी?"

वहीच्या शेऱ्यात लिहिलं होतं, "मोडीत, वाई, १९७४". मी ते वाचून तेवीस नाण्यांच्या लिपीच्या रकान्यात मोडी भरली होती. मामांच्या लेखी अर्थ एवढाच की तांबटाच्या मोडीत, म्हणजे भंगारात सापडली. ढळढळीत देवनागरी "श्री" समोर असताना मी वहीवर विश्वास ठेवला, नाण्याकडे पाहिलंच नाही. मामी स्वयंपाकघरातून हसत होती.

तेवीस नोंदी दुरुस्त. शेरा आता शब्दशः जसाच्या तसा वेगळ्या रकान्यात, मी त्यातून काढलेला अर्थ दुसऱ्यात.

२५ फेब्रुवारी, पुणे

साल. या रकान्याची मला पहिल्या दिवसापासून धास्ती होती.

राणीछाप (व्हिक्टोरियाच्या) रुपयावर १८६२ असतं. पण टांकसाळींनी तेच साल पुढची दहा-बारा वर्षं तसंच ठेवून रुपये पाडले. मुंबईने त्यात मागच्या बाजूला बारीक टिंबं घालून खरं वर्ष सुचवलं. म्हणजे १८६२ हे नाण्यावरचं साल आहे, पाडल्याचं असेलच असं नाही. आधीच्या १८४०च्या रुपयाचं तेच. बडोद्याच्या सयाजीरावांच्या दोन पैशांवर "संवत् १९४९". संवताचं वर्ष चैत्रापासून धरा की कार्तिकापासून, दोन्हीकडून १८९२-९३ येतं, तेवढं सुख. हिजरी वर्ष आपल्यापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून नुसतं वजा करून चालत नाही. ०.९७ने गुणून ६२२ मिळवले की अंदाज येतो: हिजरी १२१५ म्हणजे १८००-०१.

तर साल पाच रकान्यांत: नाण्यावर लिहिलेलं (मजकूर, जसंच्या तसं), कुठला शक, इसवी पासून, इसवी पर्यंत, आधार. यादी लावताना "पासून" वापरायचं.

मग अंकुशी रुपया. मामांच्या संग्रहातलं सर्वांत लाडकं नाणं. वहीत लाल अक्षरांत "पेशव्यांचा अंकुशी". फोटो मोठा करून पाहिला. फसली (महसुली कालगणनेचं) साल, फारसी आकड्यांत. पहिले दोन १२, शेवटचा ६. तिसरा आकडा दोन की तीन? फारसी तीनला दोनपेक्षा एक दात जास्त, आणि नेमका तिथे कुणा सराफाने कस पाहायला ठोकलेला खिळ्याएवढा खड्डा. १२२६ असेल तर ५९० मिळवून १८१६-१७, पुण्यात दुसरा बाजीराव. १२३६ असेल तर १८२६-२७, म्हणजे पेशवाई बुडून आठ वर्षं झालेली आणि पुण्याची टांकसाळ कंपनीच्या ताब्यात. कंपनीने हाच रुपया, याच अंकुशासकट, पाडत ठेवला होता.

मला तो तीन वाटतो. मामांना फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "तुझा फोटो चुकीचा आलाय."

३ मार्च

"वाचन" नावाचं नवं टेबल. एका नगाला कितीही वाचनं: काय वाचलं, कोणी, कधी, कशावरून (प्रत्यक्ष, फोटो, वही). अंकुशीला दोन ओळी. मामा, १९७९, प्रत्यक्ष: १२२६. मी, २०२४, फोटो: १२३६.

मामांचा पहिला प्रश्न: "वर कोणाचं येणार?"

कुणाचंच नाही. यादीत "१८१६ ते १८२७" दिसतं, उघडलं की दोन्ही. प्रत्यक्ष पाहिलेलं आधी येतं, म्हणजे मामांचंच. त्यांना ते पटलं. मलाही, कारण मी अजून तो रुपया हातात धरून पाहिलेला नाही.

९ मार्च

धातूंचा गोषवारा काढला. ॲल्युमिनियम १०४, खाली पुन्हा ॲल्युमिनियम ६१. अक्षर न् अक्षर सारखं, तरी दोन ओळी. डोळे फाडून पाहिलं, फरक दिसेना.

फरक दिसण्यात नव्हताच. माझ्या लॅपटॉपच्या कळफलकावर "ॲ" हे एक अखंड अक्षर उमटतं. मामांकडच्या संगणकावर आधी "अ" आणि मग त्यावर चंद्र. डोळ्याला एक, संगणकाला दोन. युनिकोडचं (संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांचं) नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं, लावूनही ही जोडी एक होत नाही, ती हाताने बदलून घ्यावी लागते. "ऱ्या"मधला "ऱ" मात्र सामान्यीकरणाने सुधारतो. भरताना दोन्ही उपाय लावले. शिवाय धातू आता टाइप करायचाच नाही, यादीतून निवडायचा.

तिथेच अकारविल्हे लावताना आणखी एक दिसलं. "ळ" हा "ल"च्या लगेच मागे येतो, "ह"नंतर नाही. संगणकाने वर्णमाला आपल्याला विचारून लावली नव्हती. नव्या नावांचा क्रम लावायला वेगळं फंक्शन लिहिलं, "ळ", "क्ष", "ज्ञ" शेवटी.

२४ मार्च

"५० पैसे १९८५" हा प्रकार दोनदा होता, एक पुसला. त्याला जोडलेले नऊ नग अनाथ झाले, प्रोग्रामने अडवलं नाही. एसक्यूलाइटमध्ये परकीय किल्लीची (नगातला प्रकाराचा क्रमांक "प्रकार" टेबलात खरंच आहे का याची) तपासणी मुळात बंदच असते, प्रत्येक जोडणीच्या वेळी चालू करावी लागते. मला माहीत होतं. केली नव्हती. कालच्या बॅकअपवरून नऊ परत आणले.

९ एप्रिल, गुढीपाडवा. वाई

सव्वा रुपयाचा विषय निघाला, देवापुढे आता चार आणे कुठून आणायचे यावर (पंचवीस पैसे २०११च्या जूनअखेर चलनातून गेले). मामांनी डब्यातून एक काढून दिलं. "हे नोंदलंय," मी म्हटलं. मामी म्हणाली, "परत आणून ठेवीन." तर त्या सात जादा नाण्यांचा उलगडा असा लागला. मामी दरवर्षी देवापुढची उचलून डब्यात टाकते.

मामीकडून आणखी एक माहिती. कुठल्याशा दिवाळीत तिने तांब्याच्या भांड्यांबरोबर चाळीसेक तांब्याची नाणीही चिंच लावून घासली. "किती लख्ख निघाली होती!" मामा उठून बाहेर गेले. घासलेल्या नाण्याची पटिना (जुनी काळसर झिलई) जाते, कडा बोथट होतात आणि जाणकार त्याला हात लावत नाही. "धुतलेलं: होय, नाही, संशय" असा रकाना वाढवला. आतापर्यंत होय ३८. मामांनी दोन "संशय"मध्ये टाकली, घरात शांतता राहावी म्हणून.

शेजारचा मुलगा एक नाणं घेऊन आला. एका बाजूला हनुमान, दुसरीकडे "वन आना, १८१८" आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. याचे पाच लाख येतात असा व्हिडिओ त्याने पाहिला होता. कंपनीने असं नाणं कधी पाडलेलंच नाही. जत्रेतले, शोभेचे टोकन आहेत ते. अशा खरेदीविक्रीत फसू नका म्हणून रिझर्व्ह बँकेनेही २०२१ साली सावध केलं होतं. मुलगा हिरमुसला, म्हणून मामांनी त्याला भोकाचा पैसा दिला. एकतीसचे तीस. नग पुसायचा नाही, "दिला" असं लिहून तारीख टाकायची, हे त्यामुळे ठरलं.

२८ एप्रिल

फोटो. फ्लॅश नाही, उत्तरेची खिडकी, काळा फ्लॅनेल. झिजलेल्यांसाठी एका कडेने टॉर्च आडवा धरून जादा फोटो. फाइलला नगाचा क्रमांक, डेटाबेसमध्ये फक्त पत्ता.

न्यू जर्सीच्या भावाला घरात लावायला एक शिवराई हवी आहे. शंभर वर्षांवरची नाणी १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरतात, देशाबाहेर नेता येत नाहीत. हे साठवून ठेवायचं नाही, विचारल्यावर मोजायचं, कारण दर जानेवारीला पंचम जॉर्जची आणखी काही शंभरीत जातात. मोजताना "पर्यंत" हे साल धरायचं. भावाला फोटो पाठवला.

११ मे, शनिवार. वाई

आज मामांनी स्वतः भरलं. मी मागे बसलो, बोलायचं नाही असं ठरवून.

आधी मी अंकुशी रुपया मागून घेतला. भिंगातून दहा मिनिटं पाहिला. तिसऱ्या ओळीत भरलं: मी, २०२४, प्रत्यक्ष: "१२?६". मामांनी शेजारून वाचलं आणि काही बोलले नाहीत.

मग त्यांनी पिशवीच्या तळातले पन्नास पैसे काढले. एका बोटाने, पण न चुकता, साल, धातू, वजन. खुणेच्या रकान्यापाशी थांबले. यादी खालीवर केली.

"यात माझं नाही."

"हिरा, चांदणी, टिंब, खूण नाही, दिसत नाही. अजून काय असणार?"

"अरे, मी अजून पाहिलंच नाहीये. भिंग तुझ्याकडे आहे."

खरंच. दिसत नाही म्हणजे पाहिलं आणि दिसलं नाही. न पाहिलेल्याला मी जागाच ठेवली नव्हती, आणि घाईच्या दिवशी मीच डब्याचे डबे "दिसत नाही"मध्ये ढकलले होते. "पाहिलं नाही" हा पर्याय तिथेच बसून घातला. वाचनाच्या टेबलात ज्या नगांना खुणेची एकही ओळ नव्हती ते सगळे त्यात हलवले. ३१२ निघाले.

मामांनी भिंग मागितलं.